‘आता कुठे या वयात?’ : उशिरा पूर्ण होणाऱ्या स्वप्नांना नेमकं काय लागतं

(हा पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय एका वाक्यातून आलाय. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने ते घरात ऐकलंय. आईला विचारा, “तुझी दहावी राहिली होती ना? देऊन टाक की आता.” बाबांना विचारा, “तुम्हाला पेटी शिकायची होती ना?” आजीला विचारा, “पोथी स्वतः वाचायला आवडेल का गं?” उत्तर ठरलेलं असतं. “आता कुठे या वयात?”

आणि दुसरीकडे आपल्या मोबाइलवर दर चार दिवसांनी एक रील येतं. नव्वदीच्या आजी परीक्षा पास झाल्या, आजोबा मॅरेथॉन धावले. खाली लिहिलेलं असतं, ‘वय हा फक्त आकडा आहे’. आपण लाइक करतो, आईला फॉरवर्ड करतो. आई बघते, “छान आहे हो” म्हणते आणि कुकर लावायला उठते.

मला वाटतं, त्या रीलमधून एक महत्त्वाची गोष्ट गळलेली असते. रील आपल्याला जिद्द दाखवतं. पण ती आजी परीक्षेला बसली, त्याच्या आधी कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. शाळेची वेळ बदललेली असते, फी माफ झालेली असते, एखादा नियम रद्द झालेला असतो किंवा शिकवणारी व्यक्ती दारात आलेली असते. हा भाग कळला नाही तर आपण आईला नुसतीच प्रेरणा पाठवत राहतो. आणि प्रेरणेची कमतरता तिला बहुतेक वेळा नसतेच.

तर आज तेच समजून घेऊया. काही खरी उदाहरणं बघू, मग आपल्या घराकडे येऊ.

फांगणे गावातली शाळा

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं एक छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ ला, म्हणजे महिला दिनाच्या दिवशी, तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वयाच्या. गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी. खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी. हे फोटो तुम्ही पाहिले असतील, देशाबाहेरही ते गाजले.

ही कल्पना योगेंद्र बांगर या शिक्षकांची. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात वाचन चालू होतं, तेव्हा एका आजींनी बोलून दाखवलं की आम्हालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. बांगर सरांनी ते वाक्य मनावर घेतलं. मोतीराम दलाल ट्रस्टने दप्तर, पाटी, साड्या असं साहित्य दिलं आणि शाळा उभी राहिली.

आता फोटो बाजूला ठेवा आणि व्यवस्था बघा. शाळा भरते दुपारी, दोनेक तास. का? कारण सकाळी घरचं आणि शेतातलं काम असतं. शाळा गावातच, त्यामुळे एसटीची वाट बघायला नको. शिकवणारी गावातलीच एक तरुण सून. वर्गात सगळ्या एकाच पिढीतल्या, त्यामुळे सहा वर्षांच्या पोराशेजारी बसून ‘अ’ गिरवायचा संकोच नाही. आणि गणवेश सगळ्यांना सारखा, म्हणजे कुणाची साडी बरी आणि कुणाची विटकी हा प्रश्नही मिटला.

या आजींपैकी अनेक जणी आयुष्यभर बँकेत अंगठा उठवत होत्या. आता सही करतात. सही म्हणजे काही पदवी नव्हे. पण पैसे आपले असून कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागणं आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिता येणं, यातलं अंतर ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

इच्छा साठ वर्षांपूर्वीही होती. २०१६ मध्ये वेगळं काय झालं? कुणीतरी ती ऐकली आणि त्यांच्या दिवसात बसेल अशी वेळ काढली.

केनिया आणि केरळ

हे फक्त एका गावापुरतं खरं आहे का, ते तपासायला थोडं लांब जाऊ. आफ्रिकेतला केनिया देश. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, एल्डोरेट शहरातल्या एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात एक नवा विद्यार्थी आला. नाव किमानी मारुगे, वय ८४. हा माणूस ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यात होता. लहानपणी शाळा मिळाली नव्हती. त्यांना बायबल स्वतः वाचायचं होतं. फांगण्याच्या आजींना पोथी आणि मारुग्यांना बायबल, इच्छा किती सारखी आहे बघा. सर्वांत जास्त वयात प्राथमिक शाळेत दाखल झालेला विद्यार्थी म्हणून गिनीज बुकमध्ये त्यांची नोंद झाली. २००५ मध्ये ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात शिक्षणाबद्दल बोलायला गेले. २००९ मध्ये ते वारले.

मारुगे ८४ व्या वर्षी शाळेत गेले कारण त्यांच्या ८३ व्या वर्षी शाळा फुकट झाली. जिद्द त्यांची होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट पूर्ण दिसते.

आता केरळ. २०१८ मध्ये तिथल्या राज्य साक्षरता मिशनने ‘अक्षरलक्षम’ या कार्यक्रमाची परीक्षा घेतली. आलप्पुळा जिल्ह्यातल्या कार्त्यायनी अम्मा तेव्हा ९६ वर्षांच्या होत्या. त्यांना १०० पैकी ९८ मार्क मिळाले! पुढे २०२० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. त्याच पुरस्काराच्या मानकरी कोल्लमच्या भागीरथी अम्मा. त्यांनी १०५ व्या वर्षी चौथीच्या बरोबरीची परीक्षा पास केली. दोघी आज हयात नाहीत. या दोघींच्या मागेही एक अख्खी यंत्रणा होती. ज्यांची शाळा राहून गेली अशा माणसांना शोधत फिरणारी, त्यांच्या सोयीने शिकवणारी आणि त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा घेणारी.

आपल्याकडे ही गोष्ट जुनीच आहे

मोठ्या वयाच्या माणसांसाठी वेगळी वेळ काढणं हे आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला ‘सकाळी अकराला या’ म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. पुढे मुंबईत गिरणीत पाळी करून रात्री वर्गात बसणारे कितीतरी कामगार होऊन गेले. रात्रशाळा आजही चालू आहेत आणि दरवर्षी दहावीच्या निकालात त्यांचे विद्यार्थी असतात.

आणखी एक नाव घेते, जे फारसं ऐकायला मिळत नाही. पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या, आनंदीबाई कर्वे यांच्या भगिनी. लहान वयात वैधव्य आलं. त्या काळात पुढचं आयुष्य म्हणजे घरातला एक कोपरा. पण महर्षी कर्व्यांच्या कामामुळे त्यांना शिकायची संधी मिळाली, तीही मूल असताना, विशी उलटल्यावर. पुढे त्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा करू लागल्या. इंग्रजी येत नाही ही बोच मनात होती. मग पंचेचाळिशी ओलांडल्यावर, १९१८ मध्ये, त्या इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून त्यांनी पोट भरलं. १९१८ मध्ये, कोकणातली एक विधवा बाई! ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. मिळालं तर जरूर वाचा.

इथेही तेच दिसतं. धाडस पार्वतीबाईंचं, पण पहिलं पुस्तक हातात येण्यासाठी आश्रम असावा लागला.

कुलूप नेमकं कुठलं आहे?

आता आपल्या घरात येऊ. घरातलं कुणी “आता कुठे या वयात” म्हणतं, तेव्हा त्या वाक्यात चार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असू शकतात. त्या वेगळ्या केल्या की अर्ध काम होतं.

पहिली अडचण नियमाची. खूप लोकांना वाटतं की वयाची अट आहे, आणि ती नसतेच. दहावीचं बघा. महाराष्ट्र बोर्डाची परीक्षा शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते. त्यासाठी जो अर्ज भरतात त्याला सगळे ‘१७ नंबरचा फॉर्म’ म्हणतात. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय किमान १४ असावं लागतं. वरची मर्यादा नाही. आई आठवीत असताना शाळा सुटली असेल तर ती हा फॉर्म भरू शकते. दहावी झालेली असेल तर याच मार्गाने बारावी देता येते. पाचवीही झाली नसेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या खालच्या स्तरावरच्या परीक्षा आहेत. केंद्राची एनआयओएस ही मुक्त शाळा आहे. तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक दोन-दोन विषय करत परीक्षा पूर्ण करता येते. घर सांभाळून अभ्यास करणाऱ्या बाईसाठी ही सोय फार मोलाची आहे. बारावीनंतर पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. त्याचं ब्रीदवाक्यच ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

दुसरी अडचण वेळेची. आई दिवसभर घरी असते म्हणजे तिच्याकडे वेळ असतो, हा आपला गैरसमज. तिचा वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत असतो. दर तुकड्याच्या शेवटी बेल वाजते, दूध उतू जातं, कुणीतरी हाक मारतं. अभ्यासाला किंवा रियाजाला सलग पाऊण तास लागतो. तो कुणीतरी तिला द्यावा लागतो. कोण देणार? इथे आपल्या सगळ्यांची नजर मोबाइलकडे वळते, माहितीये मला.

तिसरी अडचण कागदांची. ही बाहेरून दिसत नाही, पण इथेच खूप जण परत फिरतात. शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे ते माहीत नाही. दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. फॉर्म ऑनलाइन, ओटीपी बाबांच्या नंबरवर. पन्नाशीच्या माणसाला यातलं काहीही एकट्याने करायचं म्हणजे डोंगर. तुम्हाला मात्र हे एका शनिवारचं काम आहे.

चौथी अडचण लाजेची. ‘लोक काय म्हणतील’ हे आपण हसण्यावारी नेतो. पण मुलाच्या वयाच्या मास्तरांसमोर चुकायची भीती, नापास झालं तर नातेवाइकांत चर्चा, हे खरं असतं. फांगण्याच्या शाळेने ही अडचण सोडवली सगळ्या एकीसारख्या एक जमवून. आपल्याला अख्खी शाळा काढता येत नाही, पण आईच्या दोन मैत्रिणी तर शोधता येतात. भिशीच्या ग्रुपमध्ये विचारून बघा. दहावी राहिलेली आई एकटीच नसते.

काही दारं खरंच बंद झालेली असतात

आता थोडं कडू बोलते, कारण ‘काहीही शक्य आहे’ म्हणणं हीही एक फसवणूकच आहे.

काही ठिकाणी वयाची अट पक्की आहे. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा खुल्या प्रवर्गातून ३२ वर्षांपर्यंत आणि ६ वेळाच देता येते. इतर प्रवर्गांना सवलत आहे, पण मर्यादा आहेच. एनडीएला तर विशीच्या आतच जावं लागतं. बाबांना सैन्यात जायचं होतं आणि आज ते ५५ वर्षांचे आहेत, तर ते सैनिक होणार नाहीत. तिथे ‘वय हा फक्त आकडा’ म्हणणं म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणं.

काही अटी बदलतातही. एमबीबीएस प्रवेशाच्या नीट परीक्षेचं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी खुल्या प्रवर्गासाठी २५ वर्षांची कमाल मर्यादा घातली होती. प्रकरण कोर्टात गेलं, अंतरिम आदेशाने मोठ्या वयाच्या उमेदवारांना परीक्षा देता आली, आणि २०२२ मध्ये मर्यादा काढल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात, २०२० मध्ये, ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी ६४ व्या वर्षी नीट पास होऊन मेडिकल कॉलेजात दाखल झाले. बातमी देशभर गाजली. पण हिशोबही करूया. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, वर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे प्रॅक्टिस सुरू होईपर्यंत सत्तरी. ज्याला शिकायचंच होतं त्याच्यासाठी हे सार्थकी लागलं. ज्याला तीस वर्षं दवाखाना चालवायचा होता, त्याचं समाधान यातून होणार नाही.

म्हणून जुन्या स्वप्नाला एक प्रश्न विचारायचा. तुम्हाला त्यातलं नेमकं काय हवं होतं? कागद हवा होता, काम करायचं होतं की ती गोष्ट यायला हवी होती?

समजा आईला गायिका व्हायचं होतं. त्यात रंगमंच होता, नाव होतं आणि गाणंही होतं. साठीला शिकायला लागून मोठ्या मैफली करणं अवघड आहे. गळ्याला वर्षानुवर्षांची तयारी लागते. पण गाणं शिल्लक आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बघा. प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन, विशारदच्या दोन. म्हणजे विशारदपर्यंत सात पायऱ्या. प्रारंभिकला दहा वर्षांची मुलगी आणि साठ वर्षांच्या काकू एकाच दिवशी परीक्षा देऊ शकतात. आईला यमन रागाचं आरोह-अवरोह सुरात म्हणता आलं, तर तिच्या स्वप्नाचा एक खरा तुकडा तिला मिळाला. तो दुय्यम नाही.

बाबांना क्रिकेटर व्हायचं होतं. रणजी गेली. पण सोसायटीच्या मुलांना रविवारी सकाळी बॅट धरायला शिकवणं कुणी अडवलंय?

आणि एक शक्यता अशीही असते की स्वप्नच बदललंय. ज्या बाईला विशीत पदवी हवी होती, तिला आज कदाचित गाडी चालवायला शिकायचंय किंवा नुसतं एकदा काशीला जाऊन यायचंय. विचारल्याशिवाय ठरवू नका. तिच्या इच्छेच्या जागी आपला उत्साह बसवायचा नाही.

मेंदूचं काय? आणि डोळ्यांचं?

“या वयात डोक्यात काही राहत नाही” हे दुसरं नेहमीचं वाक्य. यात थोडं तथ्य आहे आणि बरंचसं नाही.

वय वाढतं तसा मेंदूचा वेग कमी होतो, हे खरं. नवी माहिती पकडायला आणि लगेच उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. पण शब्दसंपत्ती, जगाचं ज्ञान, संदर्भ लावण्याची ताकद, हे सगळं साठीतही टिकून असतं, बऱ्याचदा तरुणपणापेक्षा जास्तच असतं. म्हणजे आईला नागरिकशास्त्रातली ग्रामपंचायत पाठ करावी लागणार नाही, तिने ती तीस वर्षं बघितली आहे. व्याजाचं गणित तिला सोसायटीच्या कर्जातून माहीत आहे. तिला अडेल ते बीजगणित आणि इंग्रजी व्याकरण, कारण त्याला धरायला जुनी खुंटी नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. एका रविवारी पाच तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. आज वाचलेलं परवा, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी आठवून बघायचं. वही मिटून आठवायचं, नुसतं परत वाचायचं नाही. ही पद्धत कुठल्याही वयात चालते, तुमच्या सेमिस्टरलाही.

आणि पुस्तक उघडण्याआधी डोळे तपासा! आपण ‘चाळिशी लागली’ म्हणतो ना, ते उगीच नाही. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसायला लागतं. कित्येक जण ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणतात आणि खरी अडचण चष्म्याची असते. मोबाइलवर शिकणार असतील तर सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करून द्या. टाइप करणं जड जात असेल तर मराठीत बोलून लिहायची सोय चालू करून द्या. धावणं, पोहणं, ट्रेकिंग असं शरीराचं काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून मग हळूहळू सुरुवात.

मग आपण काय करायचं?

आता कामाचं. हे पुढच्या महिन्याभरात करता येईल असं आहे.

एक, विचारा. पण फॉरवर्ड पाठवून नाही, आणि सगळ्यांसमोर नाही. दोघंच असताना विचारा, “आई, तुझं असं काय राहिलं जे अजून डोक्यात येतं?” पहिल्यांदा “काही नाही रे” येईल. घाई करू नका. आठवड्याने तिसरं उत्तर खरं येतं.

दोन, कागद शोधा. आईच्या जुन्या शाळेत जाऊन यावं लागेल. मूळ दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र यांची चौकशी तिथेच करा. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचा घोळ फॉर्म भरण्याआधीच विचारून घ्या. १७ नंबर फॉर्मची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून तारीख बोर्डाच्याच वेबसाइटवर बघा, व्हॉट्सॲपवर आलेली नको.

तीन, तिचा तास ठरवा आणि तो तुम्ही राखा. ‘मी मदत करेन’ असं मोघम नको. ‘सोमवार ते शुक्रवार रात्री नऊ ते पावणेदहा ओटा माझा’ असं पक्कं सांगा. त्या वेळात कुणी बेल वाजवली, कुणी पाणी मागितलं, तर उठायचं तुम्ही. माझ्या मते सगळ्यात अवघड पाऊल हेच आहे. आणि ज्यांनी इथवर ऐकलं त्यातले निम्मे इथेच गळतात. तुम्ही गळू नका.

चार, व्हिडिओ काढण्याआधी विचारा. आईचं पहिलं पान, पहिला सूर हा तुमचा कंटेंट नाही. तिला दाखवायचं असेल तर ती दाखवेल.

आणि घरात असं कुणी नसेल, तर बाहेर आहे. केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा साक्षरता कार्यक्रम चालू आहे, ‘उल्लास’ नावाने. पंधरा वर्षांवरच्या निरक्षर व्यक्तींसाठी. तो स्वयंसेवकांवर चालतो आणि विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतात. जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत चौकशी करा. तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना गावाकडे आलेली नोटीस स्वतः वाचायची असू शकते.

आणि आपलं स्वतःचं?

तुम्ही वीस-पंचवीस वर्षांचे असाल. तुम्हाला वाटेल, हे सगळं आईबाबांचं झालं, माझं काय?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे, आईबाबांची राहिलेली स्वप्नं नुसती विरून जात नाहीत. ती बऱ्याच घरांत मुलांच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर उतरतात. “मला नाही जमलं, तू तरी हो.” तुमच्यापैकी काही जण आत्ता अशाच एखाद्या कोर्सला बसले असतील, हे ऐकताना ओळखीचं हसू आलं असेल. मी असं म्हणणार नाही की आईने दहावी दिली की तुमच्यावरचं ओझं उतरेल. पण तिला तिच्या इच्छेसाठी स्वतःची जागा मिळाली, तर तुमच्याशी होणारं बोलणं नक्की बदलतं.

दुसरी गोष्ट, आपलं स्वप्न ‘नंतर’साठी फडताळात ठेवताना जरा विचार करा. ‘आधी नोकरी, मग घर, मग मुलं, मग बघू’ हेच तर आईनेही म्हटलं होतं. सगळं सोडून स्वप्नामागे धावा असं मी सांगत नाही, घरभाडं कुणाला चुकलंय? पण एक मधला रस्ता आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं उदाहरण घ्या. ते मुंबई हायकोर्टात वकिली करायचे. एका जुन्या संस्कृत ग्रंथाचं संपादन करताना त्यांना धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहावीशी वाटली. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांचा ग्रंथ झाली. पहिला खंड १९३० मध्ये आला, तेव्हा ते ५० वर्षांचे होते. पाचवा आला १९६२ मध्ये, तेव्हा ८२ वर्षांचे. एकूण पानं साडेसहा हजारांच्या आसपास. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. बत्तीस वर्षं काम चालू राहिलं, कारण ते कधी पूर्ण बंदच पडलं नाही. चालू असलेलं काम, कितीही हळू असो, पुन्हा उचलायला सोपं असतं. तीस वर्षं बंद असलेलं उघडायला मात्र दुसऱ्या कुणाची तरी मदत लागते. आठवड्यातले दोन तास, बस्स. पण ते आत्तापासून.

चला, थांबते. या आठवड्याचं काम एकच. घरातल्या एका माणसाला तो प्रश्न विचारा आणि उत्तर मिळालं की त्यातली अडचण कुठली आहे ते ओळखा. नियम, वेळ, कागद की लाज? मग त्यातलं तुमच्या हातात जे असेल ते एक करा. दाखला शोधा, चष्मा करून आणा किंवा रात्री नऊला ओटा ताब्यात घ्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि हो, तो कुकर आज तुम्ही लावा.